इर्मीचा आवाज आणि तळघरातला डबा

७ ऑक्टोबर, शनिवार

आजपासून दैनंदिनी. गुद्रुन म्हणाली, "मला दिवसभर सांगत बसण्यापेक्षा लिहून ठेवत जा." बायकोचा सल्ला चांगला आहे, हेतू तितकासा नाही.

जूनमध्ये मी भूमापन कार्यालयातून निवृत्त झालो. जन्मभर लोकांच्या कुंपणांची भांडणं फीत धरून मिटवली. निवृत्तीच्या पहिल्या महिन्यात बागेतली अवजारांची खोली आवरली. दुसऱ्या महिन्यात तीच परत आवरली. मग गुद्रुनच्या स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, त्यावर ती माझ्याशी जरा मोजकंच बोलायला लागली. उरलेला वेळ खिडकीशी. समोरच्या घराचं कुंपण तिरकं आहे. त्यांना सांगायला मात्र अजून गेलेलो नाही.

पण आता काम सापडलं आहे. आमचे सगळे फोटो आणि कागदपत्रं एका अमेरिकन कंपनीच्या क्लाउडवर पडून आहेत. म्हणजे मुलीच्या लग्नात मी नाचतानाचा फोटो कुठल्यातरी वाळवंटातल्या गोदामात! तो नाच आमच्या रॉयटलिंगन गावाच्या बाहेर जाऊ नये असं माझं मत आहे. तेव्हा आपला क्लाउड आपल्याच घरी. जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकलं, दोन मोठ्या डिस्क बसवल्या आणि तो दिवाणखान्यात मांडला.

"हे घुमतंय," गुद्रुन म्हणाली.

"सर्व्हर आहे. घुमणारच."

"मग तळघरात घुमू दे."

तळघरात प्रत्येक बिऱ्हाडाला लाकडी पट्ट्यांनी आखलेली एकेक कोठी आहे. आमच्या कोठीत बटाटे, सफरचंदाच्या रसाच्या बाटल्या आणि आजपासून क्लाउड.

११ ऑक्टोबर, बुधवार

जमलं! गुद्रुनच्या लॅपटॉपवर आता तळघरातल्या त्या कॉम्प्युटरच्या डब्यातला सगळा माल एका साध्या फोल्डरसारखा दिसतो. ब्राउझर नको, दर वेळी पासवर्ड नको. याला माउंट करणं म्हणतात. सोमवारपासून मी त्याच्याशी झटत होतो. काल तर परवानग्यांचा असा घोळ घातला, की माझेच फोटो मलाच बघायला मनाई झाली.

गुद्रुनला समजावलं. "समज, आपल्या घरात एक छोटी रिकामी खोली आहे. मी काय केलं, तर तिचं दार थेट तळघरात उघडेल असं केलं. तू दार इथे उघडायचंस, पाय तळघरात."

"आणि डबा बंद असला तर?"

"तर दार आपल्या त्या छोट्या रिकाम्या खोलीत उघडणार. पण डबा बंद असणारच नाही."

ती हसली आणि म्हणाली, "तू गुणगुणतोयस." मी म्हटलं, मी कधीच गुणगुणत नाही. निवृत्त माणसाला बायका काय वाटेल ते चिकटवतात.

१४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी डबा बंद सापडला. त्याची वायर जिच्यात खोचली आहे, त्या विजेच्या पट्टीचं लाल दिव्याचं बटण बंद झालं होतं. बटण सैल असणार. स्वस्तात घेतलं की असं होतं.

या आठवड्यात झाडलोटीची पाटी पहिल्या मजल्यावर, फ्राउ आयझेलेंच्या दारावर आहे. पाटी ज्याच्या दारावर, त्या बिऱ्हाडानं तो आठवडा जिना आणि तळघर झाडायचं, असा इथला नियम. ऐंशीच्या पुढची बाई, पण जिना असा झाडते, की पायऱ्यांनी आवंढा गिळावा. वरच्या मजल्यावरच्या तरुण जोडप्यावर पाटी आली, की त्या झाडू घेऊन मागाहून पुन्हा फिरतात, तेही मुद्दाम आवाज करत.

हे सगळं लिहितोय, कारण खरं काय ते लिहायला हात धजत नाही. चहाला इर्मी आली होती. इर्मी म्हणजे गुद्रुनची थोरली बहीण. जन्मभर तिनं शनिवारच्या बाजारात भाजीचं दुकान लावलं. ती गाजर म्हणाली की चौकाच्या त्या टोकाला लोक पिशव्या उघडायचे. उन्हाळ्यापासून तिचा आवाज बसलेला आहे. आम्हाला वाटत होतं, सर्दी.

सर्दी नाही. स्वरयंत्र काढून टाकावं लागणार. सात नोव्हेंबरला. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात, आवाज नाही.

"एबरहार्डला किती बरं वाटेल," इर्मी घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मेहुणी अखेर गप्प बसणार."

मी काहीतरी विनोद करायला गेलो आणि तिच्या बशीत केकचा आणखी एक तुकडा वाढला. गुद्रुन उठून बराच वेळ भांडी घासत राहिली. ती भांडी आधीच घासलेली होती.

१६ ऑक्टोबर, सोमवार

नवी विजेची पट्टी आणली. चांगली महागातली. बटण हाताशी असावं म्हणून कोठीच्या दाराशीच, लाकडी पट्ट्यांना लागून बसवली. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

२२ ऑक्टोबर, रविवार

गुद्रुननं नगर वाचनालयातून आवाज टिपायचं यंत्र उसनं आणलं आहे. रोज दुपारी ती इर्मीकडे जाते. इर्मी बोलते, ही टिपते. आईची भांडणं, बाजारातल्या हाका, नातवंडांना म्हणायची अंगाई, बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं गरम सूप आधी की व्हिनेगर आधी यावरचा वाद. सगळं.

"हे कायमचं कुठे ठेवू?" तिनं विचारलं.

"कुठे म्हणजे? क्लाउड कशासाठी केलाय मी?"

ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. बहुधा प्रभावित झाली असावी. मग म्हणाली, "हो. तुझ्या डब्यातच ठेवीन." छाती भरून आली. भूमापन कार्यालयात इतकं महत्त्वाचं काही माझ्याकडे कुणी सोपवल्याचं आठवत नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

आमचा झाडलोटीचा आठवडा. मी तळघरापर्यंत सगळं झाडलं. फ्राउ आयझेलेंनी कठड्यावरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं, आणि वर गेल्या. मी हे उत्तीर्ण समजतो.

डबा दोन आठवडे अखंड चालू आहे. सगळं श्रेय नव्या पट्टीला. थोडं मलाही.

४ नोव्हेंबर, शनिवार

इर्मीकडची आजची शेवटची भेट. गुद्रुन संध्याकाळी आली ती डोळे सुजवून. कोट न काढताच लॅपटॉप सुरू केला आणि सगळं त्यात उतरवायला बसली. मी बटाटे सोलत होतो.

"एबरहार्ड, फोल्डर रिकामा दिसतोय. फोटो वगैरे काहीच नाही."

"येतील. सुरुवातीला वेळ लागतो."

"मग टाकू का यात?"

"बिनधास्त टाक. रिकामं दिसलं तरी टाक. मागाहून सगळं जागेवर येतं."

खरं तर मी उठून बघायला हवं होतं, पण हात ओले होते. शिवाय दर वेळी धावत गेलं तर यंत्रणेवर आपलाच विश्वास नाही असं दिसतं. तिनं टाकलं. सगळं बिनबोभाट गेलं. "इर्मी" असं नाव दिलं, लॅपटॉप मिटला आणि कोटासकट माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. सोललेला बटाटा हातात धरून मी तसाच उभा राहिलो.

५ नोव्हेंबर, रविवार

सकाळी रस आणायला तळघरात गेलो, तर डबा बंद. महागातल्या पट्टीचंही बटण सैल निघालं! हल्ली कशालाच दर्जा राहिला नाही. दुकानदाराला सविस्तर पत्र लिहिणार आहे. डबा सुरू केला.

६ नोव्हेंबर, सोमवार

गुद्रुननं यंत्र वाचनालयात परत दिलं. त्याआधी आतलं सगळं पुसलं, आणि बाहेरूनही ओल्या फडक्यानं. उसनं आणलेलं आपण मिळालं त्याहून स्वच्छ करूनच देतो. तिच्या आईनं शेजारणीची कढई परत देतानाही तिच्या बुडाची काजळी घासून काढली होती, आणि ती शेजारीण पुढे जन्मभर बोलली नाही.

७ नोव्हेंबर, मंगळवार

इर्मी शुद्धीवर आली. शस्त्रक्रिया नीट झाली. तिनं हात हलवला.

१२ नोव्हेंबर, रविवार

काय लिहू.

आज गुद्रुनला धीर झाला. म्हणाली, इर्मीची बाजारातली हाक ऐकू या. फोल्डर उघडला. फोटो आहेत, करविवरणं आहेत, माझा नाच आहे. इर्मी नाही.

लॅपटॉपभर शोधलं. तळघरात जाऊन डब्यात शोधलं. कचऱ्याच्या टोपलीत शोधलं, दोन्हीकडच्या. शेवटी मी म्हटलं, "तू भलतीकडे कुठेतरी ठेवलं असशील."

"तू सांगितलंस तिथेच ठेवलं."

"मग असायला हवं."

"हो. असायला हवं." एवढं बोलून तिनं लॅपटॉप मिटला. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी सारवासारव करायला डिस्क, नोंदी, परवानग्या असं बरंच बोललो. माझाच आवाज मला ऐकवेना. माणसाचा आवाज जपायला दिला होता आणि मी तो हरवला, कसा ते मलाच माहीत नाही.

१६ नोव्हेंबर, गुरुवार

इस्पितळात. इर्मीच्या गळ्याला पट्टी, हातात लहान मुलांची पाटी आणि खडू. आवाज गेला तरी बोलण्याचं वळण तेच आहे. मी दिसताच तिनं लिहिलं: "आता मी गप्प. आता तरी मला उलट उत्तर दे." मग ते पुसून गुद्रुनकडे वळून लिहिलं: "माझा आवाज नीट ठेवलाय ना?"

गुद्रुन म्हणाली, "हो."

तिला खोटं बोलता येत नाही हे मला लग्नापासून माहीत आहे. इर्मीला त्याच्याही आधीपासून माहीत असणार. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, की इथल्या सुपात मीठ नसतं. येताना बसमध्ये आम्ही दोघं दोन खिडक्यांतून बाहेर बघत होतो.

१९ नोव्हेंबर, रविवार

लिनक्सवाल्यांच्या चर्चामंचावर सगळं मांडलं. एकानं विचारलं, "फाइल टाकल्या तेव्हा सर्व्हर चालू होता का?" मी जरा ताठपणेच लिहिलं, की माझा सर्व्हर कायम चालू असतो. ते सैल बटणाचं प्रकरण वेगळं, ते इथे उकरून काय करायचं. त्यानं पुन्हा काही विचारलं नाही.

मी दिवसभर खिडकीशी होतो. समोरचं कुंपण आहे तसंच तिरकं आहे.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सविस्तर लिहितो.

सकाळी बटाटे आणायला तळघरात गेलो. पेटीमागे वाकलो होतो, तेवढ्यात तळघराचा दिवा त्याच्या सवयीप्रमाणे आपोआप गेला. अंधारात फक्त माझ्या विजेच्या पट्टीचा लाल ठिपका. पायऱ्यांवरून खराट्याचा आवाज आला. मग माझ्या कोठीच्या दोन पट्ट्यांमधून झाडूचा दांडा अलगद आत शिरला, लाल ठिपक्यावर टेकला, आणि टक्. डब्यानं सुस्कारा सोडला आणि गप्प झाला.

"फ्राउ आयझेले!"

बाहेर किंचाळी. झाडू पडला. "कोण आहे आत?"

"मी. वुर्स्टर. माझ्याच कोठीत."

"हेर वुर्स्टर, अंधारात काय करताय तुम्ही?"

"बटाटे घेतोय. तुम्ही काय करताय?"

"तुमचा दिवा विझवतेय. दर वेळी चालू विसरता तुम्ही."

"विसरलेलो नाही हो! चालू ठेवलाय. आमचा क्लाउड आहे तो."

"असेल. पण कोठीत माणूस नसताना दिवा कशाला जळायला हवा? उद्या आग लागली म्हणजे? आधी ते बटण आत लांब होतं, मला पार वाकावं लागलं. आता जवळ आणलंत ते बरं केलंत. मला वाटलं, माझ्याच सोयीसाठी आणलंत."

मी कोठीचं दार उघडून बाहेर आलो.

"मी आपली माझ्या प्रत्येक आठवड्यात न चुकता विझवते," त्या म्हणाल्या. "जिन्यात भेटता, पण एका शब्दानं आभार नाहीत. आणि ही कोठीपुढची बटाट्यांची माती? ती कुणी काढायची?" त्यांनी सुपली आणि ब्रश माझ्या हातात दिला आणि त्या उभ्याच राहिल्या. मी माती भरली. कोपऱ्यातली राहिलेलीही भरली, त्यांनी दाखवली ती. या गडबडीत डबा सुरू करायचा राहून गेला.

चोर सापडल्याची बातमी गुद्रुनला द्यावी म्हणून तरातरा वर आलो. दार उघडलं, आणि जिथे होतो तिथेच थांबलो.

स्वयंपाकघरातून इर्मी बोलत होती.

नाताळच्या बिस्किटांची कृती लिहायला गुद्रुननं नुकताच लॅपटॉप सुरू केला होता. फोल्डर उघडला तर फोटो नाहीत, करविवरणं नाहीत. फक्त "इर्मी". ती टेबलाशी पाठमोरी बसली होती. हातावर पीठ तसंच होतं. लॅपटॉपमधून इर्मी तिच्या घोगऱ्या, खवचट, खऱ्या आवाजात विचारत होती:

"...आणि हे सगळं ठेवणार कुठे तू?"

"एबरहार्डच्या डब्यात." हा गुद्रुनचा आवाज.

"तळघरातल्या? बटाट्यांशेजारी?" खोकला. "अगं, एक प्रत पेनड्राइव्हवर ठेव. तुझ्या नवऱ्यानं ठोकलेलं फडताळ आठवतं ना? आईच्या बशा गेल्या त्यात."

"नको."

"का गं?"

"त्याला कळलं तर वाटेल, माझा त्याच्यावर भरवसा नाही. इर्मी, तुला नाही माहीत. उन्हाळाभर तो नुसता खिडकीशी उभा असायचा. हाक मारली तर दचकायचा. मला भीती वाटायची गं. आता सकाळी दाढी करताना गुणगुणतो. मला ते हवंय."

"सुरात?"

"छे. भयंकर बेसूर."

आणि मग इर्मी हसली. चौकभर ऐकू जाईल असं ते हसू नव्हतं, बसलेल्या गळ्याचं होतं, पण तिचंच.

गुद्रुननं मागे वळून मला पाहिलं. लॅपटॉप बंद केला नाही. तिच्या गालावर पीठ लागलं होतं.

"माती सांडतेय," ती म्हणाली. सुपली माझ्या हातात तिरकी झाली होती.

मी सुपली खाली ठेवली आणि पुढे अर्धा तास तिच्याशेजारी बसून नुसता ऐकत राहिलो. हे माझ्या बाबतीत क्वचितच होतं, म्हणून नोंदवून ठेवतो.

मग उलगडलं. त्या शनिवारी फ्राउ आयझेलेंनी डबा विझवला होता. तेव्हा दार उघडलं ते आमच्या त्या छोट्या रिकाम्या खोलीत, आणि गुद्रुननं इर्मीला तिथे ठेवलं. दुसऱ्या दिवशी मी डबा सुरू केला आणि त्याच दारातून पुन्हा तळघर दिसायला लागलं. इर्मी इथेच होती, लॅपटॉपमध्ये, सगळा वेळ. तिच्यासमोर मी माझं तळघर मांडून ठेवलं होतं. "रिकामं दिसलं तरी टाक" म्हणणारा शहाणाही मीच. चर्चामंचावरच्या त्या गृहस्थाला क्षमापत्र पाठवलं. दुकानदारालाही.

प्रती केल्या. एक डब्यात, एक पेनड्राइव्हवर, एक मुलीकडे. एक त्या अमेरिकन कंपनीकडेसुद्धा, वाळवंटातल्या गोदामात, माझ्या नाचाशेजारी. आणखी एक पेनड्राइव्ह घेऊन पहिल्या मजल्यावर गेलो आणि फ्राउ आयझेलेंचे आभार मानले, तिन्ही वेळांचे एकदम. त्यांनी तो पेनड्राइव्ह उजेडात धरला, पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला आणि पिठाच्या बरणीमागे ठेवला. "इथे दिवा नाही," म्हणाल्या. "इथे सुरक्षित आहे."

२६ नोव्हेंबर, रविवार

आम्ही दोघं इस्पितळात गेलो. गुद्रुननं इर्मीच्या कानांना हेडफोन लावले. इर्मी डोळे मिटून ऐकत होती. बाजारातली हाक आली असावी तेव्हा तिचं तोंड आपोआप उघडलं. अंगाईपाशी तिनं गुद्रुनचा हात घट्ट धरला. गुद्रुन रडत होती, मी खिडकीबाहेरची मोटारींची रांग किती वाकडी लावलीय ते बघत होतो, म्हणजे मीही रडत होतो.

मग तो पेनड्राइव्हचा भाग आला. इर्मीनं डोळे उघडले, पाटी ओढली आणि खडू मोडेल इतक्या जोरात लिहिलं: "सांगितलं होतं ना!"

गुद्रुननं तिला सगळी हकीगत सांगितली, झाडूच्या दांड्यासकट. हसताना इर्मीचे खांदे हलत होते. आवाज नव्हता. 

मग तिनं पाटी पुसली, सावकाश लिहिलं आणि माझ्यासमोर धरली: "अजून गुणगुणतोस का?"

मी म्हणणार होतो, की मी कधीच गुणगुणत नाही. पण गुद्रुन माझ्याकडे बघत होती. मग मी तिथेच, औषधं घेऊन आलेल्या नर्सच्या देखत, इर्मीचीच अंगाई गुणगुणलो. पहिली ओळ संपायच्या आत इर्मीनं दोन्ही कानांवर हात ठेवले.